जुनी किचन कॅबिनेट: रंग, सनमायका की नवीन शटर? गोव्यातल्या दमट हवेत काय परवडतं

रंग की सनमायका हे नंतर बघू, आधी आतलं खोकं शाबूत आहे का ते बघा. सिंकखालचं कपाट रिकामं करा आणि तळाच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर दाबा, टोक सहज आत गेलं किंवा भुसा पडला तर त्यावर काहीही लावलं तरी पैसे वाया. पण म्हणून सगळं किचन मोडू नका हो, तेवढं एकच कपाट नवीन करून घ्या. आपल्याकडे सडतं ते बहुतेक सिंकखालचं नाहीतर पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून असलेलं.

खोकं चांगलं असेल तर सगळ्यात स्वस्त म्हणजे रंग. जुन्या घरात सागवानाची किंवा फणसाची दारं असतील तर दुसरा विचारच करू नका, पॉलिशपेपर मारून, प्रायमर देऊन रंगवा, असं लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर डोळे पांढरे होतील. सनमायकावर मात्र रंग मला पटत नाही, गुळगुळीत पृष्ठभाग, त्यावर रोजच्या फोडणीचा आणि मासे तळल्याचा तेलकट थर, नीट घासून धुतलं नाही आणि चिकटणारा खास प्रायमर दिला नाही तर हँडलजवळ पापुद्रे सुटतात. आणि वेळ सांभाळा. सगळ्यांना चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, किचन नवं हवं असतं, पण चवथ येते भर पावसाळ्यात आणि त्या हवेत रंग नीट वाळत नाही, म्हणून एकतर मे अर्ध्यावर यायच्या आत संपवा नाहीतर सरळ दिवाळीनंतर काढा.

स्टिकरवाले रोल भाड्याच्या फ्लॅटपुरते ठीक, गॅसजवळ कडा सुटतात.

आता सनमायका. रंगापेक्षा महाग, पण दार सरळ असेल तर माझं मत यालाच. जुना थर घट्ट असेल तर तो पॉलिशपेपरने खरबरीत करून त्यावरच नवीन बसतो, फुगलेला असेल तर काढावाच लागतो. शीट 8 बाय 4 फुटांची येते, अडीच बाय दीड फुटाचं दार धरलं आणि लाकडाच्या रेषा उभ्या ठेवल्या तर एका शीटमधून 6 दारं निघतात, त्यामुळे दुकानात जायच्या आधी सगळी दारं मोजून घ्या. पाणी शिरतं ते कडेतून, म्हणून चारही बाजूंना एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावून घ्याच, खालची कड दिसत नाही म्हणून मेस्त (सुतार) ती सोडून देतात आणि फुगायला सुरुवात तिथूनच होते.

नवीन शटर, म्हणजे दारंच नवीन, फक्त जुनी वाकली किंवा फुगली असतील तरच, कारण खर्च बराच वाढतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेले बोर्ड) स्वस्त आणि दिसायला छान, पण पाणी लागलं की फुगतात आणि परत बसत नाहीत. प्लायवर शिक्का वाचा: आयएस (भारतीय मानक) 303 मध्ये साधा एमआर (ओलावा सोसणारा) आणि त्याहून बरा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात, आयएस 710 म्हणजे मरीन, त्याची चाचणी 72 तास उकळत्या पाण्यात होते. सगळीकडे मरीन लागत नाही, सिंकखाली मरीन आणि बाकी बीडब्ल्यूआर घेतला तर बजेट सांभाळलं जातं. पीव्हीसीला पाणी आणि वाळवी दोन्हीची भीती नाही पण उष्णतेने ते मऊ पडतं, गॅसशेजारी नको.

बिजागऱ्या मात्र काहीही निवडलंत तरी बदला. कळंगुट, कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने साध्या बिजागऱ्या लवकर गंजतात, तिथे एसएस 304 (स्टेनलेस स्टील) च्याच मागा. कितीतरी किचन जुनी वाटतात ती फक्त दारं लोंबकळतात म्हणून, अशा वेळी आधी बिजागऱ्या आणि हँडल बदलून बघा, कदाचित बाकी काही करायची गरजच पडणार नाही.

मेस्ताकडून रेट घेताना सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि एजबँड त्यात धरलाय का ते तेव्हाच विचारा.