बारच्या वेबसाइटवर प्रिंटची मदत, पाचपैकी चार स्टार

बारच्या वेबसाइटचा रिव्ह्यू कोण वाचणार असं वाटेल, पण या साइटवर एक गोष्ट आहे जी मी दुसऱ्या कुठल्या बारच्या साइटवर बघितली नाही, "साइट कशी वापरायची आणि प्रिंट कशी काढायची" असं एक वेगळं पान. साध्या भाषेत लिहिलंय, उगाच लांबवलेलं नाही आणि ज्याने लिहिलं त्याने स्वतः प्रिंट काढून बघितली असणार हे वाचताना कळतं. मी ग्रुपसाठी टेबल बुक करते, ग्रुपमध्ये वयाने मोठी मंडळी असतात, त्यांना फोनवर बारीक अक्षरं वाचायला लावण्यापेक्षा मेन्यू आधीच कागदावर हातात दिला की सगळं सोपं होतं, म्हणून माझ्यासाठी हे पान खरंच कामाचं आहे.

आधी साइटवर फिरायचं कसं ते. बारच्या साइटवर माणूस तीन-चार गोष्टींसाठी येतो, आज उघडं आहे का, कितीपर्यंत, कुठे आहे, मेन्यू काय, आणि लाइव्ह म्युझिक वगैरे कधी. इथे या सगळ्याच्या लिंक वर एका ओळीत सरळ शब्दांत दिल्यात, नुसती चित्रं नाहीत. फोनवर त्या तीन आडव्या रेघांच्या मागे जातात, ते ठीक आहे, कारण मदतीच्या पानावर तेही सांगितलंय की कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा. ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायची गरज नाही पण ज्याला माहीत नाही तो पहिल्याच पानावर अडकतो आणि सरळ फोन लावतो. फोन नंबर पण दाबला की लागतो, कॉपी करत बसायला लागत नाही. वेळा फोटोत न टाकता मजकुरात लिहिल्यात त्यामुळे ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर त्या वाचू शकतो आणि कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ दाबून पानावर शोधताही येतं. वयाचा प्रश्न विचारणारी खिडकी एकदाच येते आणि नंतर लक्षात ठेवते, दर पानाला त्रास देत नाही.

कॅलेंडर मात्र जमलेलं नाही. महिन्याचे चौकोन फोनवर एवढे लहान होतात की कार्यक्रमाचं नाव अर्धंच दिसतं. यादीच्या रूपात बघायचं बटण आहे पण ते कॅलेंडरच्या खाली लपलंय, ते वर आणा आणि फोनवर उघडलं की आधी यादीच दाखवा.

आता प्रिंट, खरी गोष्ट इथे आहे. बारच्या साइट बहुतेक काळ्या असतात, काळ्यावर पांढरी अक्षरं, स्क्रीनवर मस्त दिसतं. पण ब्राउझर प्रिंट करताना मागचा रंग आणि चित्रं सहसा टाकतच नाही, शाई वाचवायला, मग पांढरी अक्षरं पांढऱ्या कागदावर कशी दिसणार? क्रोम अशा वेळी अक्षरं जरा गडद करून देतो म्हणून ती राखाडी तरी येतात, पण बारीक टाइप असेल तर वाचायला जोर पडतो. आणि लोक काय करतात, चिडून सेटिंगमध्ये बॅकग्राउंड ग्राफिक्स चालू करतात आणि अख्खं पान काळं छापतात, कार्ट्रिजची वाट लागते. या मदतीच्या पानावर सरळ लिहिलंय की बॅकग्राउंड ग्राफिक्स बंदच ठेवा आणि मेन्यूच्या वरचं "प्रिंटसाठी उघडा" बटण दाबा, ते दाबलं की पांढऱ्यावर काळी अक्षरं असलेलं पान येतं, तेच छापायचं. एकदम बरोबर सल्ला.

अजून दोन गोष्टी त्यांनी सांगितल्यात ज्या सहसा कोणी सांगत नाही. एक, मेन्यूचे भाग घडी घातलेले असतात, नाव दाबलं की उघडतात, आणि जो भाग बंद आहे तो कागदावर येत नाही, नुसतं शीर्षक येतं, म्हणून आधी "सगळं उघडा" दाबा. दोन, प्रिंट करायच्या आधी पानाच्या तळापर्यंत एकदा स्क्रोल करा कारण खालची चित्रं तिथे पोचल्यावरच लोड होतात, नाहीतर कागदावर रिकामे चौकोन येऊ शकतात. हे दोन्ही केलं आणि प्रिंट स्वच्छ आली.

कागदाचं पण लिहिलंय, ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, आणि लेटर साइज थोडा जास्त रुंद आणि कमी उंच, २१६ बाय २७९ च्या आसपास, त्यामुळे प्रिंटरमध्ये एक कागद आणि सेटिंगमध्ये दुसरा असेल तर शेवटच्या ओळी पुढच्या पानावर पळतात. छापायच्या आधी प्रिव्ह्यूमध्ये किती पानं दिसतात ते बघा असा सल्ला दिलाय, तो पाळाच. फोनवरून छापणाऱ्यांसाठी पण सोय आहे, आयफोनवर शेअरच्या बटणात प्रिंट सापडतं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन टिंबांमधून शेअर आणि मग प्रिंट, घरात प्रिंटर नसेल तर तिथूनच पीडीएफ करून ठेवता येतं आणि दुकानात नेऊन छापता येतं.

एक स्टार कापला तो कशासाठी ते सांगते. मेन्यूला चांगलं प्रिंट पान आहे पण कार्यक्रम आणि पत्त्याच्या पानाला नाही. तिथे वरची लिंकवाली पट्टी स्क्रीनवर चिकटून राहते, आणि अशी चिकटलेली पट्टी छापताना प्रत्येक पानावर पुन्हा येते आणि खालची पहिली ओळ झाकून टाकते. नकाशा पण अर्धा कोरा आला, रस्त्याची नावं वाचताच येत नाहीत. मदतीच्या पानावर यावर उपाय म्हणून "पाहिजे तेवढाच मजकूर सिलेक्ट करून छापा" असं लिहिलंय, चालतं ते, पण हे काम पाहुण्याने का करायचं? प्रिंटसाठी वेगळी स्टाइल द्यायची सोय वेबमध्ये १९९८ पासून आहे, सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा, तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, साइट बनवणाऱ्याने चार ओळी लिहिल्या की पट्टी कागदावर गायब होते. पत्त्याच्या पानावर नकाशाच्या खाली कसं यायचं ते शब्दांत लिहा, कुठल्या खुणेपाशी वळायचं वगैरे, छापायला आणि फोनवर सांगायला दोन्हीला ते बरं पडतं.

आणि हो, मदतीच्या पानाची लिंक एकदम तळाला बारीक अक्षरात आहे, एवढं चांगलं लिहून ती तिथे का ठेवली कळत नाही, मेन्यूच्या प्रिंट बटणाशेजारीच द्या ना. मेन्यू छापताना एक मात्र करा, प्रिंटच्या सेटिंगमध्ये हेडर आणि फुटर चालू ठेवा, मग कागदाच्या कडेला छापल्याची तारीख आणि साइटचा पत्ता येतो. मेन्यू बदलत राहतो, ग्रुपमध्ये जुना कागद फिरत राहिला तर तारखेवरून लगेच कळतं की नवीन काढायला हवा.