मार्कंड्याचे देऊळ की वाड्याची ओसरी?

शरीर आणि पवित्र जागा यांचे नाते रचलेल्या छायाचित्रांतून मांडायचे असेल, तर विदर्भाच्या खेड्यांत काम करणाऱ्या छायाचित्रकारापुढे दोन वाटा असतात: प्रत्यक्ष देवळात चित्र रचणे, किंवा जुन्या वाड्याच्या ओसरीवर तशी जागा उभी करणे.

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेले मार्कंडा देऊळ घ्या. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर मानवी आकृतींच्या रांगाच रांगा आहेत; कमरेत वळलेल्या त्या दगडी देहांशेजारी जिवंत माणूस उभा केला, की सकाळच्या तिरप्या उन्हात दगडाची झिजलेली कड आणि त्वचेचा मऊपणा दोन्ही उठून दिसतात. हे कोणत्याही नेपथ्याने साधत नाही. मात्र ही वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते, आणि मुख्य म्हणजे तेथे शंकराची पूजा चालू आहे. उघडे शरीर तेथे नेल्यास भाविकांचे मन दुखावेल, आणि नकारासाठी मला एवढे कारण पुरेसे वाटते.

ओसरीवर मोकळीक असते. शेणाने सारवलेली जमीन, गेरूचा पट्टा, कोनाड्यातली पणती, एवढ्यावर पावित्र्य उभे राहते. कलाकार पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात, बहुतांशी रंगवलेल्या पडद्यांपुढे स्वतःच उभे राहून केलेली मालिका पाहिली, की रचलेपण लपवण्याची गरज नाही हे पटते. म्हणून वस्त्रावृत देहासाठी मी देवळाची परवानगी मागेन. अनावृत देहासाठी ओसरीच निवडेन, आणि मॉडेलची संमती प्रत्येक चित्रासाठी वेगळी घेईन.