फार्महाऊसची बॅटरी: निकेल-आयर्न, ट्युब्युलर की लिथियम?

सौर पॅनेलची वीज साठवायला यांपैकी कोणती बॅटरी घ्यावी, ही तुलना दादर-ठाण्याच्या फ्लॅटसाठी नाही. मुंबईत 12 ऑक्टोबर 2020 सारखा, ग्रिड कोसळून शहरभर वीज जाण्याचा दिवस क्वचितच येतो, तिथे साधा इन्व्हर्टर पुरतो. शिवाय निकेल-आयर्नसारखी हायड्रोजन सोडणारी जवळपास अर्ध्या टनाची बॅटरी गच्चीवर चढवायला सोसायटी एनओसी देणार नाही, आणि देऊही नये. प्रश्न खरा पडतो तो कर्जत, मुरबाड, शहापूर किंवा अलिबागच्या बाजूला घर बांधलेल्यांना. तिथे लाइन पोचलेली नसते, किंवा पोचलेली असली तरी तिच्यावर भरवसा नसतो.

निकेल-आयर्न बॅटरी जुनी आहे. स्वीडनचा युंगनर आणि अमेरिकेचा एडिसन यांनी 1900 च्या आसपास ती बनवली. वीस-तीस वर्षं टिकते, हा तिचा लौकिक खराच आहे. पूर्ण रिकामी करा, महिनाभर तशीच ठेवा, जास्त चार्ज करा, ती मरत नाही. मात्र या टिकाऊपणाची किंमत रोज चुकवावी लागते, आणि ती चुकवायला घरात कोण आहे यावरच निवड ठरते.

तुलनेसाठी रोज सुमारे सात युनिट वापरता येतील अशी 48 व्होल्टची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, धरू. निकेल-आयर्नचे 1.2 व्होल्टचे, 200 एएचचे (अँपिअर-तासांचे) 40 सेल लागतील. वजन 400 ते 500 किलो. ट्युब्युलरमध्ये, म्हणजे इन्व्हर्टरच्या नेहमीच्या ॲसिडच्या बॅटरीत, 12 व्होल्ट 150 एएचच्या आठ बॅटऱ्या, चार-चारच्या दोन ओळी. वजन जवळपास तेवढंच, कारण ट्युब्युलर निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणून दुप्पट क्षमता घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 51.2 व्होल्ट 100 एएचचे दोन पॅक शंभर किलोच्या आसपास बसतात आणि भिंतीवर टांगता येतात.

आता पावसाळा. जुलैत दाट ढगांच्या दिवशी एक किलोवॉट पॅनेल एक-दोन युनिट देतं. रात्री चार युनिट हवी असतील तर लिथियममध्ये साधारण साडेचार युनिट घालावी लागतात, ट्युब्युलरमध्ये पाच-सव्वापाच, निकेल-आयर्नमध्ये सहाच्या वर. त्यात निकेल-आयर्नला बारीक करंट मानवत नाही. बराचसा गॅस होऊन उडून जातो. महिनाभर नुसती ठेवली तर वीस ते तीस टक्के चार्ज आपोआप उतरतो. म्हणून लिथियमला तीन किलोवॉट पॅनेल पुरत असेल तर हिला साडेचार लावा, नाहीतर चार महिने जनरेटरचं डिझेल भरत बसाल.

सर्वांत जास्त घोळ होतो तो इन्व्हर्टरच्या व्होल्टेजचा. प्रत्येक सेलला चार्जिंगला 1.65 व्होल्ट लागतात, म्हणजे 40 सेलला 66 व्होल्ट. ट्युब्युलरसाठी बनवलेले बहुतेक 48 व्होल्ट इन्व्हर्टर 60 च्या आसपास हात वर करतात. मग विक्रेता सेटिंग 60 वर ठेवतो, प्रत्येक सेलला 1.5 व्होल्टच मिळतात आणि बँक कधीच पूर्ण भरत नाही. दोन महिन्यांनी मालक म्हणतो, बॅटरी बोगस निघाली. दुसरा जुगाड म्हणजे सेल कमी करून 36 लावणे. चार्जिंग 59.4 वर बसतं खरं, पण इन्व्हर्टर 42 व्होल्टला बंद होतो तेव्हा प्रत्येक सेल 1.17 वर असतो आणि क्षमतेचा मोठा भाग आतच अडकून राहतो. 40 सेल असतील तर तोच कट-ऑफ 1.05 वर येतो, तो योग्य. म्हणून आधी 68 व्होल्टपर्यंत सहन करणारा इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) शोधा, बॅटरी नंतर. बोअरचा पंप असेल तर आणखी एक अडचण: हिचा अंतर्गत रोध जास्त, पंप सुरू होताना व्होल्टेज कोसळतो. पाच तासांत रिकामी होईल त्याहून वेगाने करंट ओढायचा नाही असं धरून चाला, किंवा पंप दिवसा थेट पॅनेलवर चालवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. चार्ज पूर्ण झाल्यावरचा प्रत्येक अँपिअर-तास सेलमधलं 0.336 ग्रॅम पाणी फोडतो. रोज 20 एएच जादा गेले तर 40 सेल मिळून पावकिलोच्या वर, महिन्याला आठ लिटर. पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) च हवं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरेच जण बॅटरीत घालतात. त्यात धूळ, शेवाळ आणि कॉइलचा तांब्याचा अंश असतो, ते नको. भरायचं चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत; आधी भरलं तर चार्जिंगला पातळी वर येऊन बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या तर चार्ज झालेलं लोखंड हवेशी भिडून तापतं आणि क्षमता जाते. शनिवार-रविवारच येणाऱ्या घरात मे महिन्यात हेच होतं.

त्याच 20 एएचमधून रोज तीनशे लिटरच्या वर हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो. दहा बाय दहाची खोली पूर्ण बंद असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिथवर पोचते, आणि छताला त्याआधीच साठतो. खाली एक, अगदी छताला लागून एक अशा जाळ्या हव्यातच. इन्व्हर्टर त्या खोलीत नको.

आतलं द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, त्यात थोडं लिथियम हायड्रॉक्साइड, घनता 1.20 च्या आसपास. ती चार्जप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे हायड्रोमीटर लावून बॅटरी किती भरली ते कळत नाही. ॲसिडच्या बॅटरीला वापरलेला हायड्रोमीटर, फनेल किंवा मग्गा यांपैकी काहीही इकडे आणायचं नाही. ॲसिडच्या अंशानेही सेल खराब होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण हळूहळू कार्बोनेट होतं, म्हणून वर खनिज तेलाचा पातळ थर ठेवतात, तरी काही वर्षांनी ते बदलावंच लागतं. मिसळताना पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालायचं, उलटं नाही, कारण ते भयंकर तापतं. भांडं जाड प्लास्टिकचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं, स्टँड किंवा लग (वायरच्या टोकाची जोडणी) चालत नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

मग घ्यायची कोणी? आठवड्यातून दोन दिवस उघडणारं घर असेल तर लिथियम घ्या, यात फारसा विचार करण्यासारखं नाही. जाताना साठ टक्क्यांवर ठेवून इन्व्हर्टर बंद करायचा, कारण 50 वॉटचा रिकामा खपसुद्धा दिवसाला 1.2 युनिट खातो. बीएमएस (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) इन्व्हर्टरशी बोलतो की नाही ते पैसे देण्याआधी पाहून घ्या. हात आखडता असेल आणि जवळ बॅटरीवाला असेल तर ट्युब्युलर: मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, सहज मिळते, भंगाराचे पैसे येतात. पण पावसाळ्यात अर्धवट भरलेली पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरते आणि दोन-तीन वर्षांत बसते.

निकेल-आयर्न शोभते ती जिथे माणूस कायम राहतो तिथे: शेतावरचं कुटुंब, आश्रमशाळा, राखणदार असलेली मोठी वाडी. जागा, जादा पॅनेल आणि दर पंधरवड्याला कॅन घेऊन फिरणारा हात असेल तर ती मुलांच्या हयातीतही चालेल. आज लिथियमपेक्षा महाग पडते आणि मागवावी लागते. ऑर्डर देताना सेल कोरडे येणार की भरलेले, द्रावणाचं रसायन सोबत आहे का, जोडपट्ट्या निकेल चढवलेल्या आहेत का आणि चार सेल जादा मिळतील का, हे लेखी घ्या. सुटा सेल पाच वर्षांनी मिळेलच असं नाही.