पाण्यातलं फ्लोराईड काढायच्या प्लांटचं काम करणारा ठेकेदार, आमच्या नगरपंचायतीचा अनुभव, पाचपैकी चार

यवतमाळ जिल्ह्यातलं लहानसं तालुक्याचं गाव आहे आमचं. फ्लोराईडचा त्रास इकडे जुनाच, पोरायच्या दातांवर पिवळे तपकिरी पट्टे दिसतात आणि लोकायला वाटते घराण्यातच आहे. आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते, दुसरं पाणीच नसलं तर १.५, त्याच्यावर पिऊच नये.

या ठेकेदाराच्या आधी दुसऱ्या एका एजन्सीचा प्लांट लागला होता. रेट सगळ्यात बिलो म्हणून काम त्यालाच भेटलं, उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि काही महिन्यांत टाकीतला मीडिया, म्हणजे फ्लोराईड धरून ठेवणारे दाणे, संपला, तो कोणी बदलायचा हे करारात लिहिलंच नव्हतं. पाणी मात्र येतच होतं ना, म्हणून लोक गुंड भरून नेत राहिले. फ्लोराईडला ना रंग ना वास, त्यामुळे प्लांट बंद पडला हे जिभेला कळत नाही. उकळलं तरी ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते, आणि ब्लिचिंगचा तर याच्याशी काही संबंधच नाही, ते जंतूंसाठी.

दुसऱ्यांदा निविदा निघाली तेव्हा प्री-बिड मीटिंगला, म्हणजे निविदा भरायच्या आधीच्या बैठकीला, बरेच जण आले, बाकीच्यांचे प्रश्न अनामत किती, बिल केव्हा निघणार एवढेच. या माणसाने पहिले पाण्याचा रिपोर्ट मागितला आणि तारीख पाहून विचारलं की सॅम्पल पावसाळ्यानंतरचं काहून घेतलं? आमच्या विहिरीत तळाशी बोर मारलेला आहे, पावसाळ्यात वरचं झिरपलेलं पाणी मिसळते आणि फ्लोराईड कमी दिसते, एप्रिल-मे मध्ये विहीर खाली जाते आणि सगळं खोलातल्या खडकातलं पाणी येते तेव्हा आकडा चढतो. प्लांट त्या मे महिन्याच्या पाण्यासाठी पायजे, दिवाळीच्या नाही. त्याने अल्कलिनिटीपण, म्हणजे पाण्यातला क्षारपणा, तपासायला लावली, कारण ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे दाणे जास्त क्षाराच्या पाण्यात लवकर थकतात आणि इकडच्या फ्लोराईडवाल्या बोरला बहुतेक तसंच पाणी असते. मला त्याचं हेच सगळ्यात जास्त आवडलं, काम भेटायच्या आधीच तो पाण्याबद्दल बोलून राहिला होता.

मग निविदेत बदल करणारं शुद्धिपत्रक निघालं, नवीन रिपोर्ट जोडला आणि पाच वर्षांची देखभाल कामातच घेतली, त्याच्यावर फार बिलो भरणारे आपोआप गळाले. उरलेल्यांत याचा रेट कमी होता म्हणून काम याला गेलं, कोणाची मेहेरबानी नाही.

आरओ काहून नाही हे लोक अजूनही विचारतात. आरओनेही फ्लोराईड निघते, पण बरंच पाणी वाया जाते आणि आमची विहीर उन्हाळ्यात आधीच दम तोडते. याने फक्त पिण्या-रांधण्याचं पाणी वेगळ्या नळाला काढलं, धुण्या-भांड्याचं साध्या लाईनवर ठेवलं. सगळ्या गावाचं पाणी शुद्ध करत बसलं असतं तर मीडियाचा खर्च नगरपंचायतीला झेपलाच नसता.

आता एक स्टार काहून कापला ते. दाणे थकले की कॉस्टिक सोड्याने धुवावे लागतात, मग ॲसिडने, आणि त्या धुण्याच्या पाण्यात काढलेलं सगळं फ्लोराईड असते. याची पोरं ते पाणी सरळ नाल्यात सोडायला निघाली होती, नाला पुढे आमच्याच वावरातून जातो! अंदाजपत्रकात हौद नाही, वेगळं बिल लागेल, असं उत्तर भेटलं. एवढं बारीक पाणी वाचणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला पायजे होतं. वाद झाला, हौद झाला, पण मधल्या काळात प्लांट बंद राहिला आणि बाया परत लांबच्या हापशीवर गेल्या. दुसरं म्हणजे ऑपरेटरला घाईघाईत शिकवलं, तो पोरगा हुशार म्हणून निभलं, नाहीतर ॲसिडसारखी वस्तू हातात देऊन निघून जाणं बरोबर नाही, हातमोजे आणि चष्माही मागून घ्यावा लागला.

बाकी सर्व्हिस चांगली आहे, फोन उचलतो, लाईनच्या कमीजास्तीने मोटर जळाली तेव्हा पोळ्याच्या दिवशी माणूस पाठवला. दर महिन्याचा रिपोर्ट प्लांटच्या भिंतीवर मराठीत लावतो, कच्च्या पाण्याचा एक आकडा, शुद्ध पाण्याचा एक, कोणीही येऊन वाचू शकते.

तुमच्या नगरपंचायतीत असं काम निघत असलं तर निविदेत तीन गोष्टी लिहून घ्याच भाऊ, उन्हाळ्याचं सॅम्पल, मीडिया कोण बदलणार, आणि धुण्याचं पाणी कुठे जाणार. आमच्या प्लांटचा यंदाचा मे चा रिपोर्ट यायचा आहे, आला की इथेच टाकतो, १.५ च्या वर गेला तर आणखी एक स्टार कापीन.