पिरेयसहून सायक्लेड्स बेटांवर: मोठी फेरी, वेगवान बोट की विमान?

पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी या ग्रीसच्या सायक्लेड्स समूहातल्या बेटांवर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून जायचे तर आमचे मत ब्लू स्टार कंपनीच्या जहाजांसारख्या मोठ्या कार-फेरीला, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या प्रवासी जहाजाला. सीजेट्ससारख्या कंपन्यांच्या वेगवान बोटी नॅक्सोसला साधारण साडेतीन-चार तासांत पोचवतात, मोठी फेरी पाच-साडेपाच तास घेते. एवढा वेळ वाचवण्यासाठी तिकिटाला दीडपट ते दुप्पट पैसे पडतात.

पैशांपेक्षा वाऱ्याचा मुद्दा मोठा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो आणि कधी कधी सलग काही दिवस थांबत नाही. आकाश निरभ्र, ऊन कडक, पण समुद्र खवळलेला. अशा वेळी जहाजे सोडायची की नाही हे बंदर प्रशासन ठरवते, आणि त्यात वेगवान कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या बोटी) आधी अडकतात. मोठ्या फेऱ्यांवर बंदी येते ती वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर साधारण ८ च्या आसपास. बोट सुटली तरी त्रास संपत नाही. कॅटमरानमध्ये बहुतेक वेळ बंद केबिनमध्येच बसावे लागते, त्यामुळे मळमळायला लागले की मोकळ्या हवेत जाता येत नाही. मोठ्या फेरीवर उघडा डेक असतो. बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसा आणि गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

विमानतळावरून पिरेयसला निळी मेट्रो थेट जाते, सुमारे तासाभरात. रात्री-अपरात्री उतरलात तर चोवीस तास धावणारी एक्स-९६ बस आहे. मेट्रो स्थानकासमोरच बंदराची ई-६ आणि ई-७ ही फाटके आहेत, सायक्लेड्सची बहुतेक जहाजे तिथूनच सुटतात. ऱ्होड्स किंवा कोस बेटांच्या जहाजांचे ई-१ फाटक मात्र बरेच लांब आहे. सामान घेऊन चालत निघू नका, बंदराच्या आतली मोफत बस पकडा. तिकिटावरचे फाटक आदल्या दिवशी पुन्हा तपासा, ते बदलते. कॉर्फू बेटाला पिरेयसहून जहाजच नाही, त्यासाठी पश्चिम किनाऱ्यावरचे इगुमेनित्सा बंदर गाठावे लागते.

बंदरात सुटण्याच्या पाऊण तास आधी पोचा. जहाजाच्या मागच्या रॅम्पवरून ट्रक आणि माणसे एकाच वेळी आत शिरतात. जड बॅगा गाड्यांच्या मजल्यावरच्या रॅकवर ठेवायच्या, त्यांवर बेटांची नावे लिहिलेली असतात. आपल्या बेटाचाच रॅक निवडा. पासपोर्ट, औषधे आणि स्वेटर वर न्या, आतला एसी अंगावर येतो. डेकचे तिकीट स्वस्त, पण गर्दीच्या दिवसांत थोडे जास्त देऊन क्रमांकाची खुर्ची घेतलेली बरी.

उतरण्याची घाई मात्र खरी असते. मधल्या बेटांवर जहाज काही मिनिटेच थांबते. घोषणा झाली की लगेच खाली जा. जहाज पाठमोरे धक्क्याला लागत असतानाच रॅम्प खाली यायला लागतो, आणि सगळे ट्रकांच्या मधोमध बॅगा धरून उभे असतात. सँटोरिनीला फेरी अथिनिओस बंदरात लागते. तिथून कड्यावरच्या वळणावळणाच्या रस्त्याने फिरा या मुख्य गावाला बस जाते, पण ती लगेच भरते. राहण्याच्या ठिकाणाहून गाडी आधीच सांगून ठेवा.

विमान सँटोरिनीसाठी पटते: अथेन्सहून पाऊण तास, आणि फेरीला आठेक तास. नॅक्सोस-पारोसला छोटी टर्बोप्रॉप (पंख्याची) विमाने जातात, जागा कमी आणि लवकर भरणाऱ्या. फोलेगांद्रोस, सिफ्नोस, इओस यांना विमानतळच नाही.

परतीचे आंतरराष्ट्रीय विमान असेल त्याच दिवशी फेरीने येण्याचा बेत करू नका, आदल्या दिवशी अथेन्सला या. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या जहाजात जागा मिळते. चुकलेल्या विमानाचे पैसे फेरी कंपनी देत नाही.