बी.एड. असताना सेल्टा कशाला? केलेल्या बाईचा रिव्ह्यू

सेल्टाबद्दल (मोठ्यांना इंग्रजी शिकवायचा केंब्रिजचा कोर्स) जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कोर्स विकणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं, आणि तेही कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, शिकवत शिकवत जग फिरू म्हणणाऱ्या पोरांसाठी. आपल्यासारख्या बी.एड. करून वर्षानुवर्षं वर्ग सांभाळलेल्या लोकांनी हे का करावं आणि कुणी करू नये ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितेय.

माझं सांगायचं तर एम.ए. इंग्लिश, बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आणि नोकरी विनाअनुदानित शाळेत, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. पवित्र पोर्टलच्या (सरकारी शिक्षकभरतीची वेबसाइट) यादीकडे डोळे लावून किती जणांची वयं गेली. आणि लागलंच नशिबाने तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन ८ हजार, ते २०२३ मध्ये वाढून १८ हजार झालं तेव्हा लोकांनी पेढे वाटले. असं असताना बाहेर जायचा विचार डोक्यात येणारच ना.

तर सेल्टा म्हणजे केंब्रिजचं सर्टिफिकेट, मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याचं. कमीत कमी १२० तासांचा कोर्स, फुलटाइम केला तर साधारण महिनाभरात उरकतो, पार्टटाइम काही महिने चालतो. ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या लेव्हलना, ६ तास अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे, चार लेखी असाइनमेंट. वार्षिक परीक्षा नाही, पण बाहेरून असेसर येऊन सेंटरचं काम तपासून जातो. शेवटी पास, पास बी किंवा पास ए, बहुतेकांना नुसतं पासच मिळतं, त्यात कमीपणा काही नाही. २०२० पासून पूर्ण ऑनलाइनही होतो, मी तसाच केला. फी लाखाच्या वर गेली.

आता मुद्द्याचं. बी.एड.ला आपण पाठ घेतलेत, पाठ टाचणं लिहिलीत, सूक्ष्म अध्यापन झालं, हर्बार्टच्या पायऱ्या (पाठाचे ठरलेले टप्पे) पाठ केल्या. पण मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक सर बरेचदा वहीवर सही करण्यात गुंतलेले असायचे हो. इथे ट्यूटर सगळा तास कॅमेरा बंद करून बसतो आणि मिनिटामिनिटाचं टिपून ठेवतो, तुम्ही किती बोललात, विद्यार्थी किती बोलले, कुठल्या सूचनेनंतर वर्गात शांतता पसरली, सगळं. आणि तास संपला की तुमच्या बॅचमेट्ससमोर फीडबॅक.

एक उदाहरण देते. 'यूज्ड टू' शिकवायचं होतं, समोर वेगवेगळ्या देशांतली मोठी माणसं. माझी सवय म्हणजे नियम सांगायचा, रचना लिहायची, मग 'अंडरस्टूड?' आणि वर्ग म्हणणार 'येस मिस'. सेल्टात 'समजलं का' हा प्रश्नच बाद, कारण न समजलेला माणूसही हो म्हणतो. त्याऐवजी वाक्य घ्यायचं, 'आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा', आणि छोटे प्रश्न विचारायचे: पूर्वी राहायचा का? आता राहतो का? दोन दिवस राहिला की बरीच वर्षं? दुसऱ्या प्रश्नाला अर्ध्या वर्गाने 'येस' म्हटलं तेव्हा कळलं की 'आता राहतो का' इथेच गाडी अडलीये. याला सीसीक्यू म्हणतात, कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स. माझ्या मते सगळ्या फीतले निम्मे पैसे एवढ्यातच वसूल, कारण हे मी दुसऱ्याच दिवशी माझ्या नववीवर वापरलं आणि वर्षभर 'येस मिस' म्हणणारी मुलं उघडी पडली.

दुसरं उच्चारांचं. आपण 'कम्फर्टेबल' अगदी अक्षर न अक्षर म्हणतो, इथे प्रत्येक शब्दाचा अर्थ, रूप आणि उच्चार तिन्ही आधी कागदावर मांडावे लागतात, जोर कुठे येतो तेसुद्धा. कंटाळा येतो, पण करा. असाइनमेंट्स हजारेक शब्दांच्या आत असतात, एकदा परत आली तर सुधारून देता येते, रडायचं नाही.

अनुभवी शिक्षकांना हा कोर्स नवख्यांपेक्षा जड जातो हे मात्र लक्षात घ्या. नवख्याला काही विसरायचं नसतं. आपल्याला बोलायची सवय, फळा भरायची सवय, चूक दिसली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची सवय. आमच्या बॅचला एक सर होते, आमच्यात सर्वात जास्त अनुभवाचे, त्यांना ट्यूटरने सांगितलं की विद्यार्थ्यांना गप्प राहून विचार करायला वेळ द्या, तर त्यांना ते दहा सेकंदही सहन होईनात. माणूस भला, पण फार चिडले होते.

आता बाहेरच्या नोकरीचं खरं चित्र, जे सेंटरवाले सांगत नाहीत. माझ्या सेंटरने (नाव घेत नाही) करिअर सपोर्ट म्हणून जे दिलं ते वेबसाइटच्या लिंकांची एक पीडीएफ, निम्म्या लिंका बंद. ट्यूटर मात्र एक नंबर.

सेल्टा बी.एड.ची जागा घेत नाही. गल्फमधल्या शाळांत जायचं असेल तर तिथे बी.एड. आणि अनुभव बघतात, दुबईत सीबीएसई शाळा ढिगाने आहेत, त्यासाठी एवढा खर्च करायची गरज नाही. सेल्टा लागतं ते लँग्वेज इन्स्टिट्यूटमध्ये, कॉलेजच्या फाउंडेशन कोर्सला, जिथे मोठ्यांना शिकवायचं असतं. आणि पासपोर्टचा प्रश्न आहेच. कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा इंग्रजी बोलणाऱ्या सातच देशांच्या लोकांना मिळतो, भारतीयांना वाट आहे ती २०१० पासून लागू असलेल्या सेपा या भारत-कोरिया व्यापार करारामुळे, आणि त्यात इंग्रजी शिक्षकाची पात्रता मागतात, म्हणजे पुन्हा आपलं बी.एड.च कामाला. चीनमध्ये भाषाशिक्षक म्हणून आपला पासपोर्ट साधारण चालत नाही. व्हिएतनाममध्ये डिग्री, सर्टिफिकेट, पोलिस क्लिअरन्स, मेडिकल असं सगळं जमवलं तर दार उघडतं, पण जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' लिहिलेलं दिसलं की डोकं फिरतंच. बारा वर्षं व्याकरण शिकवलेल्या बाईपेक्षा गिटार घेऊन फिरणारा विशीतला पोरगा बरा, का तर त्याचा पासपोर्ट! सेल्टाने हा भेदभाव जात नाही, फक्त तुमचा अर्ज उघडून तरी बघतात.

गणित-विज्ञानवाल्यांनो, तुम्ही सेल्टाच्या नादी लागूच नका. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासकट काही देशांतल्या पात्र शिक्षकांना क्यूटीएससाठी (तिथल्या शिक्षकाची अधिकृत मान्यता) थेट अर्ज करायची सोय केलीये, ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजी विषयवाले त्यात नाहीत, आपलं नशीब.

स्वस्तातल्या सर्टिफिकेटांबद्दल एकच. त्यावरही '१२० तास' छापलेलं असतं, पण त्यात तुमचा एकही तास कुणी बघितलेला नसतो. टिफल (परक्यांना इंग्रजी शिकवणं) हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही विकतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट टीसॉल हा कोर्स मात्र सेल्टाच्या बरोबरीचा धरतात, तो मिळाला तर तोही चालेल.

माझं रेटिंग पाचपैकी चार, शिकवणं सुधारायला पाच आणि नोकरी मिळवायला तीन अशी सरासरी. कर्ज काढून करू नका. आधी तुम्हाला जायचंय त्या देशातल्या नोकरीच्या दहा जाहिराती उघडून बघा, त्यात सेल्टा मागितलंय का. डिग्रीचं अटेस्टेशन (ती खरी असल्याचे सरकारी शिक्के) लगेच सुरू करा, आधी राज्य, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दुबईसारख्या ठिकाणी एम्बसी, यात कोर्सपेक्षा जास्त वेळ जातो. आणि ऑनलाइन घेताना सेंटर ब्रिटनचं असेल तर त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ-रात्र, शाळा करून हे झेपत नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीची बॅच धरा.