ड्राय कॅबिनेट म्हणून रिकामा खोका विकला, सावध राहा

कॅमेरा आणि लेन्स ठेवायला ड्राय कॅबिनेट घ्यायचा विचार करत असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला विकलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कोरडी करणारा एकही भाग नव्हता. बाहेर आकडा दाखवणारी पट्टी तेवढी होती, आणि तो आकडा खोटा होता.

आम्ही ऐरोलीत राहतो, खाडीच्या बाजूला. फ्लेमिंगो असतात तोवर सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन बाहेर असते. पावसाळा लागला की बाहेरच्या भिंतीला ओल धरते, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते. हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते आणि दिवसचे दिवस तिथेच राहते. लेन्सच्या आत बुरशी धरायला 60-65 टक्क्यांवरची आर्द्रता, अंधार आणि कोंदट हवा एवढं पुरतं. काचेवरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांवर ती पोसते. ड्राय कॅबिनेट आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत राखतं, म्हणून ते घ्यायचं ठरवलं.

हा विक्रेता फोटोग्राफीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. ठाण्यात स्टेशनजवळ दुकान आहे, घरपोच आणून देतो, असं सांगायचा. तीस लिटरचं कॅबिनेट साडेनऊ हजारांना. माणूस बोलायला अतिशय नम्र. "ताई, आधी डेमो बघा, पटलं तर पैसे द्या," म्हणाला आणि खरंच डेमो दिला. काळा पत्र्याचा खोका, काचेचं दार, कुलूप, वर निळ्या अंकांत 45. त्याने दार उघडलं. आकडा 46, 47, 51 असा चढत गेला. दार लावलं, आणि अर्ध्या मिनिटात परत 45. "बघा किती पॉवरफुल आहे!" घरातले सगळे बघत होते आणि सगळ्यांना ते पटलं.

खरं तर लबाडी त्या अर्ध्या मिनिटातच होती. अस्सल कॅबिनेटमध्ये सहसा दोनपैकी एक यंत्रणा असते. एका प्रकारात पेल्टिअर नावाची चपटी चकती असते. वीज दिली की तिची एक बाजू गार पडते, आतल्या हवेतलं बाष्प तिथे जमतं आणि बाहेर सोडलं जातं. दुसऱ्या प्रकारात ओलावा शोषणारे दाणे असतात. ते अधूनमधून तापवले जातात आणि त्या वेळी बाहेरच्या बाजूची झडप उघडून ओलावा बाहेर जातो. दोन्ही कामं संथ आहेत. पावसाळी हवा आत शिरल्यावर आकडा खाली यायला तास लागतात. अर्ध्या मिनिटात 45 वर येणारं घरगुती यंत्र कुणी दाखवलं, तर तिथेच व्यवहार थांबवा.

गणपतीत समईचे फोटो काढताना ज्योतीभोवती धूसर वलय येऊ लागलं. लेन्स पुसून फरक पडेना. अंधार करून मागून तिरकी टॉर्च मारली, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला बारीक, फाटे फुटलेले पांढरे तंतू दिसले. दोन लेन्सना बुरशी. बाहेर मात्र आकडा 45!

मग एक वेगळा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, आणला. तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो तरी बरोबर आहे का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घालायचं, आणि झाकण व हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. सकाळी आकडा 75 च्या आसपास यायला हवा, कारण खोलीच्या तापमानाला ओल्या मिठाभोवतीची बंदिस्त हवा तिथेच स्थिरावते. माझा 74 दाखवत होता. तो कॅबिनेटमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर आत 79. नंतर ओला नॅपकिन आत ठेवून पाहिला. बाहेरचा आकडा 44, 45, 46 यांच्यातच फिरत राहिला. मला सगळ्यात जास्त चीड या हलत्या आकड्याची आली. एकाच जागी थिजलेला आकडा लोकांच्या लक्षात आला असता, म्हणून तो मुद्दाम हलता ठेवला होता.

आमच्या ओळखीचे, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे एक काका घणसोलीत आहेत. त्यांनी मागचं झाकण खोललं. आत एक छोटं सर्किट, दिव्याची पट्टी आणि अॅडॅप्टरची वायर. चकती नाही, दाणे नाहीत, झडप नाही. आर्द्रता मोजणारा सेन्सरसुद्धा नाही. दाराच्या वरच्या कडेत लोहचुंबक आणि त्याच्यासमोर चौकटीत नखाएवढा स्विच. दार उघडलं की आकडा चढवायचा, लागलं की उतरवायचा, एवढंच ते सर्किट करत होतं. दाराला रबराची पट्टी घट्ट बसवलेली, त्यामुळे दमट हवा आत कोंडली जायची. उघड्या शेल्फवर ठेवल्या असत्या, तर लेन्सना निदान वारा आणि उजेड मिळाला असता.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, बुरशी आधीचीच असणार." पक्कं बिल मागितल्यावर "तेव्हा तुम्हीच नको म्हणालात," हे धडधडीत खोटं. त्याने दिली होती ती कच्ची पावती, तीही दुकानाच्या पत्त्याशिवाय. खोक्यावर उत्पादकाचं नाव नाही, छापील किंमत नाही, तक्रारीसाठी नंबर नाही. बंद पाकिटातल्या मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

मग त्याने समजुतीचा सूर लावला आणि लेन्स फुकट साफ करून द्यायला म्हणून एक "टेक्निशियन" घरी पाठवला. या माणसाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्याने लेन्स हातात घेतली, लगेच "वर्कशॉपला न्यावी लागेल" म्हणाला आणि वर दोन हजार अॅडव्हान्स मागितला. पावतीवर दोन्ही लेन्सचे सीरियल नंबर लिहून सही करा, एवढंच मी म्हटलं. तो आधी पेन शोधू लागला, मग फोन आला म्हणून जिन्यात गेला, तो गेलाच. सीरियल नंबर लिहून दिल्याशिवाय लेन्स कुणाच्याही हातात देऊ नका. आतली काच बदलली किंवा अख्खी लेन्सच दुसरी परत आली, तर सिद्ध कशाने करणार?

लेन्स नंतर एका जुन्या कारागिराकडून साफ करून घेतल्या. एक स्वच्छ झाली. दुसरीच्या लेपावर ओरखड्यांसारखे डाग कायमचे राहिले, कारण बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. बुरशी बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे हा खर्च आपल्याच माथी येतो.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केला. आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, चॅट, ओल्या नॅपकिनचा व्हिडिओ आणि उघडलेल्या खोक्याचे फोटो जोडलेत. विक्रेत्याचा नंबर आता बंद आहे, पण पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद आहे. प्रकरण सुरू आहे.

सध्या लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात आहेत. सोबत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे नारिंगी दाणे आणि तो हायग्रोमीटर. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे 110-120 अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. रंग न बदलणाऱ्या पांढऱ्या पुड्या घेऊ नका, त्या आधीच भिजलेल्या असल्या तरी कळत नाही. आकडा 35 च्या खाली गेला तर थोडे दाणे काढून घेते, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण सुकतं. चामड्याची केस डब्याबाहेर. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत.

तुमच्याकडे असाच काळा खोका असेल, तर दार उघडं ठेवून फ्रिजवरचं साधं लोहचुंबक चौकटीच्या वरच्या कडेवरून सावकाश फिरवा. दार उघडं असूनही आकडा उतरू लागला, तर व्हिडिओ काढा, लेन्स बाहेर काढा आणि 1915 वर फोन करा.